केसरजिजीचे वाटे

केसरजिजी ज्या घरी वाटणी करायला जायची, त्या घरचं पाणी पीत नसे. वैशाखातलं ऊन, पायाखाली फुफाटा, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आलेली बाई. सुना तांब्या घेऊन पुढे व्हायच्या आणि ती हातानेच थांबवायची. "पहिले वाटा, मंग पानी." थोरलीच्या हातचं प्यायली तर धाकटी म्हणणार, जिजी तिकडे फिरली, धाकटीच्या हातचं प्यायली तर थोरली म्हणणार. म्हणून शेवटचा डबा उचलला जाईपर्यंत ती कोरड्या घशानेच राहायची. नंतर दोघींच्या हातचं एकेक फुलपात्र पाणी प्यायची आणि मगच चपला शोधायची.

आमच्याकडे, म्हसावदच्या आसपासच्या गावांत, शेताची वाटणी पुरुष करतात. तलाठी येतो, टेप येतो, पंच येतात, बांधावर उभं राहून घसा फोडून भांडतात आणि संध्याकाळी एकत्र बसून शेवभाजी खातात. घराची वाटणी मात्र बायकांची. भांडी, गोधड्या, धान्याच्या कोठ्या, लोणच्याच्या बरण्या, देव्हाऱ्यातले देव. याला तलाठी लागत नाही आणि म्हणूनच यात जास्त रडारड होते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, सालदारांचं साल बदललं, की ज्या घरातली चूल फुटायची असेल ती त्याच सुमारास फुटते. अंगणात चादर पसरतात, तिच्यावर दोन ढीग घालतात आणि धाकटी आधी उचलते, असा रिवाज. ढीग घालायला अशी बाई लागते, जिला त्या घरातलं काहीच नको असतं. आमच्या गावात ती केसरजिजी होती.

ती माझी चुलत काकू. नवरा ऐन तिशीत तापाने गेला, मूलबाळ नव्हतं. तिची जमीन पुतणे करायचे, वर्षाचं धान्य आणून टाकायचे, आणि ती आपल्या दोन खोल्यांत एकटी राहायची. उंच, काटक, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेला. बोलणं फार हळू. इतकं हळू, की भांडणाऱ्या बायकांना ते ऐकायचं तर आधी स्वतः गप्प बसावं लागायचं. माझ्या आईला ती 'बाई' म्हणायची, कारण नात्याने माय तिची मोठी जाऊ. माय तिला नुसतं 'केसर' म्हणायची. दोघी एका वर्षाच्या अंतराने या गल्लीत नांदायला आलेल्या.

जिजीच्या घरी गेलं की 'चहा घेशील का' हा प्रश्नच नव्हता. "चहा दूधना करू का काया?" एवढंच ती विचारायची, आणि आपण दुधाचा की कोरा याचा विचार करेपर्यंत चुलीवर आधण चढलेलं असायचं. मी नंदुरबारला शाळेत शिकवायला लागले त्यानंतरची गोष्ट. मी मुद्दाम म्हणाले, "जिजी, मला चहा नकोच." ती क्षणभर अडखळली. मग म्हणाली, "मंग निंबूपानी गोड करू का खारं?" मी पोट धरून हसले. ती हसली नाही. तिच्या दृष्टीने तो साधा प्रश्न होता.

"नही म्हनानी जागाच ठेवाव नही, बेबी," असं तिने मला एकदा समजावलं होतं. मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो आम्ही. नाही म्हणायला जागा ठेवली की माणूस तिथेच जाऊन बसतो, असं तिचं म्हणणं. "दोन चिजा समोर ठेवा. माणूस तिसरी धुंडत नही." धुंडत नाही म्हणजे शोधायला जात नाही. आपण निवडलं, या समाधानात तो घरी जातो. हे ती इतक्या सहज सांगायची, जणू भाकरीचं पीठ कसं मळावं ते सांगते आहे.

याच कलेवर माझं शिक्षण झालं, हे मी कुणापासून लपवलेलं नाही. दहावीनंतर मला घरी बसवायचं, हे वडिलांच्या मनात जवळजवळ पक्कं होतं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. गल्लीतल्या सगळ्याच मुली घरी बसत होत्या. जिजी त्यांच्याशी थेट बोलू शकत नव्हती, ते तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. मग ती आमच्या मधल्या दाराआड उभी राहिली आणि वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात मायला म्हणाली, "बाई, पोरले शहादाले एसटीवर धाडतस, का नंदुरबारले होस्टेलमा ठेवतस?" ओट्यावर वडिलांचा अडकित्ता थांबला. मग आत न बघताच ते म्हणाले, "एसटीनं काही खरं नाही. पावसाळ्यात गाड्या बंद पडतात. होस्टेलच बरं." घरी बसवण्याचं त्यांना सुचलंच नाही, कारण ते कुणी समोर ठेवलंच नव्हतं. मी आज पेन्शन खाते ती त्या दाराआडच्या एका वाक्याची.

वाटणीत तिची ही कला बघण्यासारखी असायची. एका घरात दोघी जावा पितळी घंगाळावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. घंगाळ मोठं, घासून लखलखीत केलेलं, आणि कुणीतरी शहाण्याने ते चादरीच्या मधोमध एकटंच ठेवलेलं. जिजीने आल्या आल्या ते उचललं आणि एका ढिगात काळ्याकुट्ट कढयांच्या मागे सारून दिलं. मग दुसऱ्या ढिगावर घरातलं जुनं खापर आणून ठेवलं. खापर म्हणजे मांडे भाजायचं मातीचं भांडं. बाजारात त्याला कोण विचारतो? जिजी ते दोन्ही हातांनी ठेवता ठेवता पुटपुटली, "हाई खापरवर तुमनी सासूनी तुम्हना दोघीस्ना लगीनना मांडा करेल शेत." दोघींच्या लग्नाचे मांडे त्याच खापरावर झालेले. बस. दोघींचे डोळे खापरावर. धाकटीने ते उचललं, थोरलीने घंगाळ घरात नेलं ते नाक मुरडत. घरी येताना मी जिजीला म्हटलं, तू तर जादू केलीस. ती म्हणाली, "वस्तूले तोंड नही ऱ्हास. आपण तिले तोंड लावतस."

पण सगळंच गोड झालं असं मी सांगणार नाही. एका घरात म्हातारा सासरा होता, खोकल्याने पिचलेला. त्याला कुणी घेईना. जिजीने त्याला दुभत्या म्हशीबरोबर एका वाट्यात घातलं. म्हैस तेव्हा ऐन दुधात होती. दोन्ही भावांनी वाटा मागितला, धाकट्याला मिळाला, सगळ्यांनी जिजीला वाखाणलं. वर्ष होतं न होतं तोच म्हैस मेली. मग म्हाताऱ्याची खाट आधी पडवीत आली, मग गोठ्यात, आणि चहा कोरा झाला. तो जिवंत असेपर्यंत जिजी रोज सकाळी पदराखाली पेलाभर दूध घेऊन त्या गोठ्यात जायची. सून तोंड फिरवून बसायची. जिजी मला एवढंच म्हणाली, "मी त्याले म्हैसना नाववर इकं." म्हशीच्या नावावर मी माणूस विकला. ते वाक्य बोलताना तिचा आवाज मला पहिल्यांदा म्हातारा वाटला.

आमच्या घराची चूल फुटली ती वडील गेल्यानंतर दोन-तीन आखाज्या झाल्यावर. माझे दोन भाऊ. थोरला दादा गावी शेती बघतो, पपई आणि केळी लावतो. धाकटा सुनील नंदुरबारला नोकरीत, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. भांडण असं काही नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली. दोन वहिन्या आखाजी-दिवाळीला एका चुलीवर आल्या की धूर व्हायचाच. शेतं आधीच वाटली गेली होती. आखाजीला मी माहेरी आले होते, तेव्हा घर वाटायचं ठरलं. आणि घरात भांडी, कोठ्या, देव यांच्याबरोबर माय होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले, पण हात अजून चालणारे. ती कुठे राहणार, एवढा एकच प्रश्न खरा होता. बाकी सगळं भांड्यांचं होतं.

सकाळी ओट्यावर पुरुष बसले होते. त्यातले एक वडीलधारे पंच सरळ बोलले, "मायले कोण सांभाळी?" मी आत दाराशी होते. दादा खाली बघत होता, सुनील मोबाइल उलटा-सुलटा करत होता. माझे भाऊ नालायक नाहीत हो. दादाच्या बायकोचं पाठीचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. सुनीलचे जिने मायला चढवणार नाहीत. दोघांच्या डोक्यात तीच अडचण आधी आली आणि तोंड उघडेपर्यंत वेळ निघून गेली. मी बाहेर जाऊन म्हणाले, "मी नेते मायला माझ्याकडे." तर दोघेही माझ्यावरच उखडले. दोन मुलगे असताना माय लेकीच्या दारात? मला राग आला तो अजून गेलेला नाही. मागे वळून पाहिलं तर माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. सुपात मिरच्या घेऊन देठं खुडत होती. तिने ते सगळं ऐकलं होतं.

जिजी दुपारी आली. मी तिला सकाळची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "असं इचारतस का कधी? सांभाळनं म्हनं की माणूस ओझं व्हई जास." तिने चादर पसरायला सांगितली. भांडी दोन ढिगांत पडली, गोधड्या पडल्या. शेवटी तिने देव्हारा आणवला. पितळी देव एकेक करून पदराने पुसले, एका ढिगावर मांडले, आणि हळूच म्हणाली, "देव आनि माय एकच वाटामा. जेना घर देव, तेना घर माय. बोला, कोणाले पाह्यजे?"

काय सांगू तुम्हाला, सकाळी खाली बघणारे माझे दोघे भाऊ एकदम बोलले, "मले." उचलायचा पहिला मान धाकट्या वहिनीचा. तिने सुनीलकडे पाहिलं आणि देवांच्या ढिगावर हात ठेवला. दादा ताडकन उठला. "मी जित्ता शे तवलग माय गाव सोडाव नही." सुनील म्हणाला, वाटा माझा आला आहे, माय माझी. दादाचे डोळे भरले होते. सुनीलचा आवाज कापत होता. दोघेही खोटं बोलत नव्हते. हे मायेचं बोलणं सकाळीही त्यांच्या पोटात होतंच, फक्त त्याला वर यायला वाट मिळाली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी भिंतीकडे तोंड करून रडले. मग पंचांनी तोडगा काढला. सहा महिने इथे, सहा महिने तिथे, देवही मायबरोबर फिरतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठी वहिनी जिजीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि जिजीने फुलपात्र हातात घेतलं.

"केसर," उंबऱ्यावरून माय म्हणाली, "मी कोनता ढीगमा शे वं?"

हात मिरच्यांवरून उठला नव्हता. आवाज चढलेला नव्हता. जिजी म्हणाली, "देवस्ना संगे, बाई."

"देवस्ले तरी कोणी इचारं?"

जिजीने फुलपात्र खाली ठेवलं. मग ती तिच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "मंग तूच सांग बाई. पहिले मोठाकडे जाशी का धाकलाकडे?"

माय तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं त्या दोघींनी एकमेकींच्या अंगणात धान्य पाखडलं होतं, एकमेकींच्या घरची दुःखं वाहिली होती. माय म्हणाली, "तू इचारी नही ऱ्हायनी, केसर. तू वाढी ऱ्हायनी." तू विचारत नाहीस, तू ताटात वाढते आहेस. आणि पुन्हा मिरच्या खुडायला लागली.

जिजी उभी होती ती हळूहळू खाली बसली, चादरीच्या कडेला, उघड्या मातीवर. मी तिला इतक्या वाटण्यांत पाहिलं होतं, पण ती कधी ढिगांच्या बाजूला जमिनीवर बसलेली पाहिली नव्हती. मग म्हणाली, "तुले काय पाह्यजे, बाई?"

पुढे 'का' नव्हतं. हे किंवा ते नव्हतं. माझ्या ऐकण्यातला तिचा हा पहिला असा प्रश्न.

मायने सूप बाजूला ठेवलं. "मागली खोली," ती म्हणाली. "मन्ही चूल. मन्हा हातनी भाकर." जेव्हा भूक लागेल तेव्हा जेवीन, कोणाच्या घड्याळावर नाही. देव पोरांनी घ्यावेत, तिला एक तुळस पुरे. सहा महिन्यांनी गाठोडं बांधायचं नाही.

दादा म्हणाला, "माय, लोके आम्हना तोंडमा शेण घालतीन." ते खरंच होतं. आमच्याकडे दोन मुलगे असलेली आई वेगळी भाकरी थापते, म्हणजे मुलांना जगायला तोंड राहत नाही. सुनील रडवेला होऊन जिजीकडे वळला. सगळेच तिच्याकडे बघत होते. तिने नुसतं म्हटलं असतं, बाई, एखाद्या रात्री न्हाणीत पडलीस तर कोण उचलील, तर माय गप्प झाली असती आणि गाठोडं बांधून सुनीलच्या गाडीत बसली असती. ते वाक्य जिजीच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. तिचे ओठ मला लहानपणापासून पाठ होते. तिने ते गिळलं. उठली, माजघरातून एक बारदान आणलं, चादरीपासून थोडं लांब पसरलं आणि म्हणाली, "ये बाई. तुन्हा हातवरी ले."

माय गुडघ्यावर हात टेकत उठली. तिने दोन्ही ढिगांतून स्वतः उचललं. एक तवा, लहानशी परात, तांब्या, एक गोधडी. ताटल्या दोन घेतल्या. जिजीने विचारलं, दोन कशाला? माय म्हणाली, "तू येशी ना जेवाले." जिजीने त्या दिवशी आमच्या घरचं पाणी प्यायलं नाही. चपला घालून तशीच गेली.

मायची ती चूल पुढे काही वर्षं चालली. मागच्या खोलीतून धूर निघायचा, दादाच्या पोरी शाळेतून आल्या की आधी आजीच्या ताटलीत बघायच्या. सुनील दर रविवारी यायचा आणि ओट्यावर न थांबता मागेच जायचा. कधीकधी जिजी आणि माय भिंतीला टेकून बसलेल्या दिसायच्या, काही न बोलता. माय इतकी मोकळी मी आधी पाहिलेली नव्हती. वडील असताना ती आधी सगळ्यांना वाढायची आणि उरलंसुरलं खायची. आता ती पहिली गरम भाकरी स्वतः खायची आणि दुसरी मला द्यायची. हे मी अंगावर काटा येऊन लिहिते आहे, कारण माझ्या आईला गरम भाकरी आवडते हे मला पन्नाशीत कळलं.

आणि मग पौषातल्या एका थंडीत सकाळी तिचं दार उघडलं नाही. मोठी वहिनी दूध द्यायला गेली तर माय गोधडीत होती, गार पडलेली. एका भिंतीपलीकडे दादाचं अख्खं घर झोपलेलं होतं. रात्री तिने कुणाला हाक मारली का, आम्हाला माहीत नाही. कधी कळणारही नाही. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

तेराव्याला गाव जमलं. जेवणं झाली आणि बायकांत कुजबुज सुरू झाली. दोन-दोन पोरं, आणि म्हातारी एकटी मेली. दादा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, त्याला ते सगळं ऐकू येत होतं. सुनील तर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. मी जिजीच्या कानाशी गेले. म्हटलं, "जिजी, काहीतरी बोल. तुला येतं ते. आपल्या चुलीपाशी गेली, कुणाच्या दारात नाही गेली, एवढं म्हण. लोक ऐकतात तुझं." ती माझ्याकडे बघून नकाराने मान हलवत राहिली. तेवढ्यात म्हाताऱ्यांतल्या एका फाटक्या तोंडाच्या बाईने तिला सगळ्यांदेखत विचारलंच, "केसर, तूच मांडी दिधी ना तिले येगळी चूल?"

जिजी म्हणाली, "हो. तिनी मांगी, मी मांडी दिधी." मग थांबून म्हणाली, "एकली मरनी, हाई बी खरं शे. दोन्ही खरं शे."

त्याच्यापुढे तिने एक अक्षर जोडलं नाही. मला तिचा भयंकर राग आला. ज्या बाईने काळ्या खापराला सोन्याचा भाव आणला, तिला माझ्या भावांसाठी एक वाक्य फिरवता येऊ नये? पण दादा खांब सोडून तिच्यापाशी आला आणि तिच्या पायांशी बसून हमसून रडला. तेरा दिवस तो रडला नव्हता. कुणी समजूत घातली की तो दात आवळायचा. जिजीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना बघू दिलं.

त्यानंतर जिजीला वाटणीची बोलावणी कमी झाली. ती आता ढीग घालण्याआधी घरातल्या म्हातारा-म्हातारीपाशी जाऊन बसायची आणि विचारायची, तुला काय पाहिजे. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की दोन ढिगांत मावत नाही. लोकांना ते नको होतं. कुणी म्हणे जिजीचं डोकं चळलं. तिला वाईट वाटत असेल, मला कधी बोलली नाही. मी गेले की दुधाचा चहा करायची, विचारायची नाही. मला दुधाचाच आवडतो हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिने अंथरूण धरलं. पुतण्याने शहाद्याला आपल्या घरी आणलं होतं. मी नंदुरबारहून गेले. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका असं सांगितलं होतं. पुतण्या भला माणूस. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, इथेच ठेवू की नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात हलवू, तुम्ही तिला विचारा, तुमचं ती ऐकते. त्याची सून म्हणाली, की गावी तिच्या घरी नेऊ? मी आत गेले. जिजी खाटेवर उशीला टेकून होती, पदर डोक्यावर, हात मांडीवर ठेवलेले. इतके रिकामे हात मी तिचे कधी पाहिले नव्हते. मी दवाखान्याचं नाव काढलं नाही, घराचंही नाही. तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "जिजी, तुला काय पाहिजे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अवघड बोलून गेले होते. बाहेर पुतण्या येरझारा घालत होता. ती म्हणाली, "हाई मले कोणी कधी इचारंच नही, बेबी." मी तिचा हात धरला. लहान वयात विधवा झालेल्या बाईला कोण विचारणार होतं? माहेरी ठेवू का सासरी, एवढंच तिच्या देखत पुरुष बोलले असतील. मी म्हटलं, आता विचारते आहे ना, सांग. तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. "सकाय सांगसू," म्हणाली. उद्या सांगते.

मी संध्याकाळच्या गाडीने नंदुरबारला आले. पहाटे पुतण्याचा फोन आला. मी गेले तेव्हा तिला अंगणात घेतलं होतं. सून माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, रात्रभर जाग्या होत्या. मी दोनदा उठून विचारलं, जिजी, दुखतंय का कुठे? तर म्हणाल्या, "दुखत नही. इचार करी ऱ्हायनू."